ओकच्या चिप्स, रम आणि स्टाउट: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत पहिला प्रयोग

बिअर मुरवायचं ओकचं पिंप ठाण्याच्या वन बीएचकेत मावत नाही, आणि मावलंच तर ते भरायला लागणारी दोनशे लिटर बिअर आणायची कुठून? अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच ठेवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. मग ही रिकामी पिंपं जगभर फिरतात: स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांकडे, कॅरिबियन बेटांवरच्या रमवाल्यांकडे आणि १९९० च्या दशकापासून बिअरवाल्यांकडेही. शिकागोच्या गूस आयलंड या बिअर कंपनीने बर्बनच्या पिंपात स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, मुरवली, लोकांना ती आवडली आणि ही टूम पसरली. घरच्या घरी करणाऱ्यांनी त्यावर सोपी युक्ती काढली. बिअर पिंपात घालण्याऐवजी ओकचे तुकडे, म्हणजे चिप्स, बिअरमध्ये घालायचे, आणि पिंपात आधी मुरलेल्या दारूचा वास यावा म्हणून ते तुकडे आधी रममध्ये किंवा व्हिस्कीत भिजवायचे.

युक्ती चांगली आहे, पण तिचा वेग नवख्याच्या लक्षात येत नाही. पिंपात फक्त आतल्या भिंतीचा बिअरशी संबंध येतो. चिप्स चारी बाजूंनी भिजतात, त्यामुळे पिंपाला महिने लागतात ते काम त्या आठवड्या-दीड आठवड्यात उरकतात. त्यात आपली हवा गरम. परदेशातल्या कृतीत छापलेले दिवस इथे जसेच्या तसे मोजलेत तर हातात येईल ते सुताराच्या दुकानातलं पाणी. म्हणून खाली दिवसांचे आकडे आहेत ते फक्त अंदाजाला, खरा निवाडा जिभेचा.

आधी कायद्याचं उरकू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते विकायचं असो की स्वतः प्यायचं असो. अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायद्याने घरगुती बिअरला सूट दिली, तशी मोकळीक इथे नाही. बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण हवीत, रम-व्हिस्कीला २५, आणि खरेदी-सेवनासाठी परमिट लागतं. त्यामुळे बिअर उकळायची-आंबवायची कशी ते मी इथे सांगणार नाही. लेखाचे दोन भाग आहेत. पहिल्यात घरी बिअर बनवायचीच नाही: परमिट काढा, वाइन शॉपमधून बाटली आणा, रममध्ये चिप्स मुरवून अर्क करा, तो ग्लासातल्या बिअरमध्ये थेंबांनी घाला. दुसरा भाग परवाना असलेल्यांसाठी, आणि ठाण्याहून अशा देशांत गेलेल्यांसाठी जिथे घरी बिअर करायला मुभा आहे. नवख्याने दोन्ही ठिकाणी सुरुवात अर्कापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. बिअरमध्ये लाकूड घालता येतं, काढता येत नाही. अर्क चुकला तर एक ग्लास वाया जातो.

लाकूड कोणतं

पिंपांसाठी मुख्यतः अमेरिकन पांढरा ओक आणि युरोपातला, ज्याला सरसकट फ्रेंच म्हणतात तो ओक वापरतात. अमेरिकन ओकमध्ये नारळ आणि व्हॅनिला पुढे येतात. फ्रेंचमध्ये मसाल्याकडे झुकणारा वास आणि तुरटपणाची बारीक धार. पण जातीपेक्षा जास्त फरक पडतो तो भाजणीने. लाकूड भाजलं की त्यातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं, दुसरा एक घटक कॅरमलसारखा होतो, आणि लवंगेचा जो ओळखीचा वास, तो देणारं युजेनॉलही ओकमध्ये असतंच. हलकी भाजणी घेतली तर कच्चं लाकूड आणि नारळ जास्त, कडक घेतली तर धूर आणि कॉफी. पहिल्या वेळी मध्यम भाजणी घ्या. स्टाउटमध्ये भाजलेल्या धान्याचा करपट कडवटपणा आधीच असतो, त्यावर कडक भाजलेलं लाकूड म्हणजे चव एकाच बाजूला कलंडते.

चिप्स ऑनलाइन मिळतात. घेताना 'वाइन किंवा बिअरसाठी' असं लिहिलेलंच पाकीट घ्या. बार्बेक्यूच्या धुरासाठी विकतात त्या चिप्स वेगळ्या. त्या बहुधा भाजलेल्या नसतात आणि कित्येकदा ओकच्याही नसतात. वखारीतून लाकडाचा तुकडा आणून घरी तासायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका. इमारती लाकडाला वाळवीचं औषध लावलेलं असू शकतं. सागवानाचाही प्रयोग नको, ते तेलकट लाकूड आहे आणि खाण्यापिण्यात मुरवण्यासाठी ते कोणी वापरत नाही.

चिप्सबरोबर क्यूब आणि स्पायरलही दिसतील. क्यूब चव हळू सोडतात, महिना-दोन महिने घेतात आणि चव जास्त गोल येते. ते पुढे कधीतरी. चिप्सची चव थोडी उथळ असते हे खरं, पण शिकायला त्या बऱ्या, कारण निकाल लवकर कळतो.

पाकीट उघडलं की उरलेल्या चिप्स घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. जुलै-ऑगस्टात घोडबंदर रोडला काय किंवा ऐरोलीला काय, खाडीकाठच्या घरात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे लाकूड कसं सुटेल? बुरशीचा किंचितही कुबट वास आलेल्या चिप्स फेकून द्या. तो वास भिजवून जात नाही.

रम की व्हिस्की

आपल्याकडच्या बहुतेक रम, व्हिस्की, ब्रँडी ४२.८ टक्के अल्कोहोलच्या असतात, आणि या कामाला तेवढं पुरतं. एक क्वार्टर आणली की झालं. फार महागडी बाटली यात घालू नका, तिच्या बारकाव्यांवर स्टाउट नांगर फिरवते. तशीच अगदी तिखट, घशाला लागणारीही नको. तो जाळ बिअरमध्ये लपत नाही.

गडद रम आणि स्टाउट यांचं चांगलं जमतं. ओल्ड मंकसारख्या रमला व्हॅनिलाचा वास मुळातच ठळक असतो, तिच्यासोबत अमेरिकन ओक घातला तर पेय आइस्क्रीमच्या दिशेने जातं. तिथे मी फ्रेंच ओक घेईन. साधी, धूर नसलेली व्हिस्की असेल तर अमेरिकन ओक. पीटच्या (दलदलीतल्या मातीसारख्या जळणाच्या) धुराची व्हिस्की पहिल्या वेळी टाळा, ती बाकी सगळं झाकून टाकते. गोव्याहून आणलेली काजू फेणी घालून बघू का, असं हमखास कोणीतरी विचारतं. बघा, पण नुसती चमचाभर. फेणी पाहुणी म्हणून येते आणि घर ताब्यात घेते.

बाटली मात्र सीलबंद, दुकानातली. सुट्टी, बिनलेबलची दारू कोणी कितीही 'घरची आहे' म्हणून दिली तरी नाही. २०१५ साली मालवणीत मिथेनॉलच्या विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली.

भाग पहिला: अर्क

सामान थोडं आहे. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, काचेची स्क्रू झाकणाची बाटली, कॉफी गाळायचा कागद, आणि मेडिकलमधून ५ मिलीची एक सिरिंज. मेडिकलवाल्याला 'सुई नको' हे आधीच सांगा, नाहीतर तो चष्म्यावरून बघतो.

बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. १८० मिली रमला १८ ग्रॅम चिप्स, म्हणजे १०० मिलीला १० ग्रॅम, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं. चिप्स नळाखाली धुऊ नका. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणी असो की ठाण्याचं महापालिकेचं, त्यात क्लोरीन असतं आणि असायलाच हवं. पण लाकडातल्या फिनॉलची आणि क्लोरीनची गाठ पडली की दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास तयार होतो, आणि तो अगदी कमी प्रमाणातही नाकाला कळतो. चाळणीत हलवून भुसा झाडा, तेवढं पुरे. चिप्स उकळायच्याही नाहीत. उकळलं की पहिला, सगळ्यात चांगला वास पाण्याबरोबर मोरीत जातो. जंतूंचा बंदोबस्त बऱ्याच अंशी रमच करते.

भरताना गॅसपासून लांब बसा. चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं द्रव पेट घेतं, आणि भिजलेलं लाकूड त्याहून चांगलं.

पुढचे दिवस बघण्यासारखे असतात. पहिल्या दिवशी चिप्स वर तरंगतात आणि नाकाला फक्त कच्ची रम आणि ओला भुसा लागतो. बाटली दिवसातून एकदा उलटी करून सरळ करायची. दोन-तीन दिवसांत लाकूड रम पितं, जड होतं आणि एकेक चिप तळाशी जायला लागते. काठावर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती लाकडाच्या छिद्रांतून निघालेली हवा, आंबणं नव्हे. चौथ्या-पाचव्या दिवशी झाकण उघडलं की भुशाचा वास मागे सरकलेला असतो आणि व्हॅनिला येतं, अमेरिकन ओक असेल तर ओल्या नारळाचाही पुसट वास. लवंग त्यानंतर. गडद रमच्या रंगात काही कळत नाही, पण व्हिस्की घेतली असेल तर ती रोज एक छटा खाली उतरते.

पाचव्या दिवसापासून चाखा. सिरिंजने १ मिली काढा, दोन चमचे पाण्यात मिसळा आणि जिभेवर फिरवा. वास काय येतो ते बघाच, पण जास्त लक्ष द्या ते गिळल्यानंतर. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि गाल जसे आकसतात, तसं आकसणं सुरू झालं की टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट घटक, आलं. पुसटसं आलं की थांबा. मार्चनंतरच्या उकाड्यात हे आठवड्यातच होतं, डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा दिवस लागू शकतात. गरमीत दारू आणि लाकडाचा व्यवहार जोरात चालतो हे आपल्या व्हिस्कीवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. बंगळुरूच्या अमृतच्या गोदामात पिंपातली दहा-बारा टक्के व्हिस्की वर्षाला उडून जाते, स्कॉटलंडमध्ये ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणूनच आपली सिंगल माल्ट कमी वयात तयार होते.

चव जमली की कागदातून गाळा. घाईने पिळू नका, तळचा भुसा आणि तुरटपणा पिळल्यानेच येतो. थोडी रम लाकूड गिळतं, ती गेली समजा. अर्क छोट्या गडद बाटलीत भरा आणि ठळक अक्षरांत लेबल लावा. हे महत्त्वाचं. स्वयंपाकघरात काळसर, लवंगेचा वास येणारी बाटली दिसली की घरातलं कोणीतरी विचारणारच, 'अगं, हे दशमूलारिष्ट आहे का?' आणि कधीकधी विचारणारही नाही.

आता खरी परीक्षा. वाइन शॉपमधून ३३० मिलीची एक स्टाउट किंवा तिच्यासारखीच गडद पोर्टर आणा. गव्हाची बिअर, लागर, भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेली आयपीए यांत हे करू नका. पहिल्या दोन फार हलक्या, तिसरीचा कडवटपणा आणि ओकचा तुरटपणा एकमेकांवर चढतात. बाटली फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, कारण बर्फगार बिअरमध्ये लाकूड कळत नाही. तीन ग्लासांत समान ओता. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात १ मिली अर्क, तिसऱ्यात २ मिली. हलकेच फिरवून पाच मिनिटं थांबा. कोणता ग्लास कोणता हे दुसऱ्याला ठरवू द्या आणि तुम्ही नंतर चाखायला या. स्वतः घातलेला थेंब माणसाला नेहमी जास्त लागतो.

बहुतेकांना १ मिलीचा ग्लास आवडतो आणि २ मिलीचा पहिल्या घोटाला भारी वाटून अर्ध्यावर नकोसा होतो. तुमचं वेगळं असेल तर तेच खरं. आवडलेलं प्रमाण लिहून ठेवा, पुढच्या भागात त्याचाच गुणाकार करायचा आहे. दुकानातल्या बाटलीवर थांबणाऱ्यांचा लेख इथे संपला. अर्क थंड, अंधाऱ्या जागी महिनोन्‌महिने टिकतो.

भाग दुसरा: पाच लिटरची बॅच

बिअर आंबून पूर्ण झाली आहे याची खात्री पहिली. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजायच्या तरंगत्या काचनळीचा) आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच. आणि इथे उष्ण गावातल्या लोकांची एक गंमत होते: बरेच हायड्रोमीटर २० अंशांला जुळवलेले असतात. ३० अंशांच्या बिअरमध्ये बुडवलात तर ते साधारण ०.००२ कमी दाखवतात, म्हणजे १.०१८ दिसत असेल तर प्रत्यक्षात १.०२० च्या आसपास. शिवाय मोजायचं ते रम घालण्याआधी. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने रम पडल्यावरचा आकडा आंबण्याबद्दल काही सांगत नाही.

बिअर साडेसहा-सात टक्क्यांच्या पुढची, जाडसर, माल्टची गोडी असलेली हवी. पातळ बिअर लाकडाला पेलत नाही. तिच्या मूळच्या दोषावर ओकचा मुलामा चढेल ही आशाही सोडा. ठाण्याच्या मे महिन्यात खोलीच्या तापमानाला साधं एल यीस्ट आंबवलं तर नेलपॉलिशसारखा, डोकं धरवणारा जो जहाल वास येतो, तो ओकने कमी होत नाही, उठून दिसतो. त्याला उपाय आंबवतानाच करावा लागतो: तापमानाचा कंट्रोलर लावलेला जुना फ्रिज, किंवा नॉर्वेचं क्वाइक यीस्ट, जे ३५ अंशांच्या पुढेही नीट काम करतं.

आता दोन वाटा आहेत.

पहिली वाट अर्काचीच. ग्लासात ११० मिलीला १ मिली आवडला होता, म्हणजे लिटरला सुमारे ९ मिली, पाच लिटरला ४५. बाटल्या भरायच्या दिवशी ३० मिली घाला, हलकेच ढवळा, चाखा, मग पाच-पाच मिलीने वर या. ४५ मिलीने सात टक्क्यांची बिअर ७.३ च्या आसपास जाते, त्याने यीस्टला काही त्रास नाही. स्वच्छ, हिशेबी वाट. चिप्स टाकणं हेच 'खरं' असं मानणारे हिला नाकं मुरडतात. मुरडू देत.

दुसरी वाट चिप्स थेट घालण्याची. चव थोडी वेगळी येते, कारण काही गोष्टी अल्कोहोलमध्ये चांगल्या उतरतात, काही पाण्यात, आणि बिअरमध्ये पाणीच जास्त. पाच लिटरला ७ ते ८ ग्रॅम चिप्स, ७५ मिली रममध्ये चार-पाच दिवस भिजवलेल्या. सगळी रम आणि चिप्स एकदम ओतू नका. चिप्स आणि निम्मी रम घाला, उरलेली शेवटच्या जुळवाजुळवीला राखून ठेवा. सगळी पडली तरी सात टक्क्यांची बिअर साडेसातच्या आसपास थांबते.

चिप्स मलमलच्या पुरचुंडीत बांधा. मलमलचं कापड चिप्स बांधण्याआधी दहा मिनिटं पाण्यात उकळा, आणि पुरचुंडी तरंगू नये म्हणून आत स्टीलचा एक छोटा चमचा तसाच उकळून घाला. दोरा लांब ठेवा, तोंडाबाहेर येईल इतका. पुरचुंडीचा फायदा शेवटी कळतो: चव आली की एका ओढीत लाकूड बाहेर. मोकळ्या चिप्स नळीत अडकतात आणि त्या काढायच्या नादात बिअरला हवा लागते.

आणि हवा हाच या सगळ्यातला मोठा शत्रू. जंतूंची धास्ती सगळ्यांना असते, हवेची कोणाला नसते. आंबणं संपल्यावर बिअरला लागलेला ऑक्सिजन तिला ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो. म्हणून भांडं काचेचं, मानेपर्यंत भरलेलं, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण) लावलेलं. पाच लिटर बिअर दहा लिटरच्या भांड्यात ठेवायची नाही. जांभळी नाक्याच्या बाजारातली चिनी मातीची लोणच्याची बरणी देखणी असते, पण तिचं झाकण हवाबंद नसतं, इथे ती चालणार नाही. साध्या प्लास्टिकच्या कॅनमधूनही हवा हळूहळू आत झिरपते. नळीने बिअर भरताना नळीचं टोक तळाला टेकलेलं हवं, धार उंचावरून पडता कामा नये. भांडी-नळ्यांसाठी खाद्यपदार्थांना चालणारं, धुवावं न लागणारं आम्लयुक्त सॅनिटायझर वापरा. डेटॉल-फिनेल या कामात आणू नका.

ठेवायची कुठे? १६ ते २० अंश मिळाले तर उत्तम, म्हणजे पुन्हा तो कंट्रोलरवाला फ्रिज. नेहमीच्या फ्रिजमध्ये चार अंशांना लाकूड झोपा काढतं, पण बिघडत काही नाही, फक्त वेळ लागतो. माळा ही घरातली सगळ्यात वाईट जागा. स्लॅबखाली एप्रिलमध्ये तिथे भट्टी असते. बाल्कनी आणि खिडकीची ग्रिलही नको, हॉप्स असलेल्या बिअरला ऊन लागलं की तिला घाणेरडा वास येतो.

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा चाखा, मग पाचव्या, मग सातव्या. रोज उघडू नका. उकळून थंड केलेल्या बारीक नळीतून सिरिंजने १०-१५ मिली काढायचे. पहिल्यांदा रम वरचढ लागेल आणि बिअरपासून सुटी वाटेल, त्यावरून निकाल देऊ नका. पाचव्या-सातव्या दिवशी दोन्ही एकत्र यायला लागतात. आठवड्या-दहा दिवसांच्या पुढे चिप्स ठेवून फारसं काही हाती लागत नाही, तुरटपणा तेवढा वाढतो. बिअर महिन्याभरात प्यायची असेल तर चव बरोब्बर झाली की पुरचुंडी काढा. चार-सहा महिने ठेवायची असेल तर हव्या त्यापेक्षा किंचित पुढे जाऊ द्या, लाकडाची चव काळाबरोबर उतरते.

एक लिटरभर बिअर लाकूड न घालता बाजूला ठेवावी, हा सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि जवळजवळ कोणी ऐकत नाही. चव पुढे गेली तर त्यावरचा एकमेव इलाज हाच आहे: साधी बिअर मिसळून पातळ करणं. साखर घालून तुरटपणा झाकायला गेलात तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होईल.

पृष्ठभागावर पांढरट, सुरकुतलेली साय दिसली तर लाकडातून किंवा हवेतून काहीतरी आत शिरलं आहे. चव आंबट नसेल तर बिअर सायीखालून काढून लगेच थंड करा आणि लवकर संपवा, बाटल्यांत भरून ठेवू नका. आत शिरलेला जंतू उरलेली साखर खात बसतो, दाब वाढतो आणि काच फुटते. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर विचार न करता ओतून द्या.

बाटल्या

फेसासाठी लिटरला ५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच लिटरला २५. थोड्या पाण्यात उकळून, गार करून भांड्याच्या तळाशी घाला आणि त्यावर बिअर नळीने सोडा, आपोआप मिसळते. साखर चमच्याने मोजू नका, काट्यावर मोजा. जास्त साखर म्हणजे फुटणारी बाटली. बिअरच्या जाड काचेच्या बाटल्या, तोंडाला कपचा न उडालेल्या. थोडी बिअर मात्र सोड्याच्या प्लास्टिकच्या एका बाटलीत भरा. ती दाबून बघितली की आत दाब किती झाला हे न उघडता कळतं. दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्या सगळ्या फ्रिजमध्ये. आपल्याकडच्या तापमानाला दोन आठवडे पुरतात, अल्कोहोल जास्त असेल तर तीन. बाटल्या पहिले काही दिवस झाकणाच्या खोक्यात ठेवा, मुलांच्या आणि गॅसच्या वाटेबाहेर.

पिताना फ्रिजमधून काढून वीस मिनिटं थांबा आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. वापरलेल्या चिप्स पुन्हा बिअरमध्ये घालण्यात अर्थ नाही, त्यांनी द्यायचं ते दिलेलं असतं. उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवून सिगडीच्या निखाऱ्यावर चार-चार टाकल्या तर चिकन टिक्क्याला धूर बरा लागतो. मात्र पूर्ण वाळू द्या. रमने ओल्या असतानाच टाकल्यात तर भडका उडेल.